रंग विचारू नका, रंग खेळा!

“बाळा, काकांना सांग बरं, हा कलर कोणता?”

घरात पाहुणा आला, त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला, की आपल्या वस्तीतल्या घराघरांतून हा प्रश्न हमखास ऐकू येतो. बिचारे अडीच-तीन वर्षांचे लेकरू आईच्या पदराआड तोंड लपवते. आई त्याला पुढे ओढते. बाप भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट दाखवतो. लेकरू घाबरून काहीतरी ठोकून देते. रंग असतो लाल आणि ते म्हणते ‘येल्लो’. सगळे हसतात. पाहुणा निघून गेला, की त्या लेकराच्या पाठीत धपाटा बसतो.

हे पाप आम्हीही केलेले आहे, ते आधीच कबूल करतो. आमच्या थोरल्या मुलासाठी आम्ही स्टेशनबाहेरच्या पथारीवरून रंगांचा एक गुळगुळीत तक्ता आणला होता. लाल रंगापुढे सफरचंद, पिवळ्यापुढे केळे, हिरव्यापुढे पोपट. महिनाभर रोज संध्याकाळी कचेरीतून आल्यावर आम्ही पट्टी घेऊन बसत होतो. मुलगा सफरचंदावर पट्टी ठेवली की ‘लाल’ म्हणे. आम्ही खूश! एके दिवशी रस्त्यावरची बेस्टची लालभडक बस दाखवून आम्ही विचारले, “हा रंग कोणता?” तर स्वारी गप्प. पुन्हा विचारले, तर म्हणाला, “बस!” आम्ही चिडलो. त्याचे काय चुकले होते? त्याने ‘लाल’ हे त्या चित्राचे नाव आहे असे समजून पाठ केले होते. बसच्या चित्राचे नाव बस, म्हणून बस सांगितले. चूक तक्त्याची होती आणि तक्ता घेऊन बसणाऱ्या बापाची होती.

गेली नऊ वर्षे आमच्या वस्तीतल्या विहारात दर रविवारी सकाळी आम्ही काहीजण लहान मुलांचा वर्ग चालवतो. आम्ही म्हणजे कचेरीत खर्डेघाशी करणारा हा कारकून, अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या एक ताई आणि कॉलेजात शिकणाऱ्या दोन मुली. आम्ही बी.कॉम. झालेलो. जमाखर्च कळतो, बालमानसशास्त्र शिकलेलो नाही. जे काही कळले ते ताईंकडून आणि त्याहून जास्त मुलांकडून. त्यातले घरी करता येण्यासारखे जे आहे, ते आज वाचक माता-पित्यांपुढे ठेवत आहोत.

रिळांची गोष्ट

दोन वर्षांपूर्वी एक भगिनी आपल्या साडेतीन वर्षांच्या मुलीला घेऊन विहारात आल्या. डोळे रडून लाल झालेले. म्हणाल्या, “भाऊ, माझी पोरगी मंद आहे का हो?”

झाले होते असे. जवळच्या एका इंग्रजी शाळेत बालवर्गाच्या प्रवेशासाठी त्या मुलीला घेऊन गेल्या होत्या. तिथल्या बाईंनी मुलीपुढे प्लॅस्टिकचे ठोकळे ठेवले आणि इंग्रजीतून एकामागून एक रंग विचारले, मग आकार विचारले. मुलगी काही बोललीच नाही. ‘तयारी करून घ्या, पुढच्या वर्षी आणा’ असे सांगून त्यांना परत पाठवले. घरी आल्यावर सासूबाई बोलल्या, नवरा बोलला, आणि सगळ्यांचा राग शेवटी त्या साडेतीन वर्षांच्या जिवावर निघाला.

आम्हीही आधी तेच केले जे शाळेने केले. खडू दाखवले, विचारले. मुलगी गप्पच. आम्हालाही वाटले, काही तरी कमी असावे. तसे आम्ही बोललो नाही, पण मनात आले हे खरे.

पुढच्या आठवड्यात काही कागदपत्रांवर सही घ्यायला आम्ही त्यांच्या खोलीवर गेलो. त्या भगिनी साड्यांना फॉल-बिडिंग करून संसाराला हातभार लावतात. जमिनीवर साड्यांचा ढीग, बाजूला बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात दोऱ्यांची रिळे. मुलगी डब्यापाशी बसलेली. आईने नवी साडी मांडीवर ओढली आणि मान वर न करता म्हणाली, “दे गं हिचं.” मुलीने डब्यात हात घातला, दोन रिळे उचलली, साडीच्या काठाला लावून पाहिली, एक परत टाकले आणि दुसरे आईच्या हातात दिले. दोन्ही रिळे गुलाबीच. ट्यूबलाइटच्या उजेडात आम्हाला त्यांच्यात फरकच दिसेना! आईला विचारले, तर म्हणाली, “एक राणी कलर आहे, एक डाळिंबी. ती कधी चुकत नाही.”

कधी चुकत नाही! आणि हीच मुलगी रंग ओळखत नाही म्हणून शाळेने परत पाठवलेली, घरच्यांनी मारलेली आणि आमच्यासारख्या शहाण्यांनी मनातल्या मनात नापास केलेली.

आमच्या ताईंनी मग आम्हाला समजावून सांगितले. रंग दिसणे ही एक गोष्ट. सारखा रंग सारख्याला लावता येणे ही दुसरी. आणि रंगाचे नाव घेता येणे ही तिसरी. मूल काही महिन्यांचे असते तेव्हाच त्याला रंग दिसू लागतात. जोड्या लावणे दोन-अडीच वर्षांच्या आसपास जमू लागते. नाव मात्र पुष्कळ मुलांना तीन-चार वर्षांपर्यंत पक्के होत नाही, आणि त्यात मुलामुलांत फार फरक असतो. आपण पहिल्या दोन पायऱ्या पाहतच नाही. थेट तिसरीवर उभे राहून विचारतो, “सांग, कोणता?”

जाता जाता एक गोष्ट सांगून ठेवतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १३ व्या कलमाने शाळाप्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी लावायला बंदी केली आहे. पहिल्या वेळी पंचवीस हजारांपर्यंत आणि नंतर प्रत्येक वेळी पन्नास हजारांपर्यंत दंड त्यात आहे. त्याच कायद्याने खासगी शाळांत प्रवेशाच्या पहिल्या वर्गात दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी पंचवीस टक्के जागा ठेवायच्या आहेत. आपले मूल बावरले म्हणून मान खाली घालून परत येण्याआधी एवढे ठाऊक असलेले बरे.

आधी सांगा, मग विचारा

मारिया मॉन्टेसरी या इटलीतल्या डॉक्टरबाई. त्यांनी १९०७ साली रोम शहरातल्या सॅन लोरेन्झो या गरीब कामगारांच्या वस्तीत पहिले बालगृह उघडले. आईबाप कामावर गेल्यावर चाळीच्या जिन्यांत उंडारणारी मुले हेच त्यांचे पहिले विद्यार्थी. श्रीमंतांच्या शाळांच्या पाटीवर आज ‘मॉन्टेसरी’ लिहिलेले असते, पण त्या पद्धतीचा जन्म आपल्यासारख्यांच्या वस्तीत झालेला आहे!

नाव शिकवण्याच्या तीन पायऱ्या त्यांनी सेगँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरांकडून घेतल्या. पहिली पायरी: दोनच वस्तू पुढे ठेवायच्या आणि आपणच सांगायचे, “हा लाल. हा निळा.” दुसरी पायरी: “मला निळा दे. आता लाल उशीखाली लपव. निळा आजीला देऊन ये.” मुलाने तोंड उघडायची गरज नाही, हातपाय हलले की पुरे. ही पायरी सर्वांत लांब चालवायची, कारण खेळ तो हाच. आणि तिसरी पायरी, “हा कोणता?”, ती शेवटी, मूल दुसऱ्या पायरीवर चुकेनासे झाले की मगच. चुकले, तर रागावायचे नाही, ‘असं कसं चुकलास’ म्हणायचे नाही. मुकाट्याने पुन्हा पहिल्या पायरीवर यायचे, उद्या.

मॉन्टेसरीबाईंच्या साहित्यात रंगांच्या पाट्यांच्या जोड्या असतात. त्या बाजारात महाग मिळतात. आम्ही त्याच फॉलवाल्या ताईंकडून चिंध्या मागून आणल्या, शिंप्याकडून ब्लाउजपिसांचे तुकडे आणले, साबणाच्या खोक्यांचे पुठ्ठे एका मापाचे कापले आणि त्यांवर कापड चिकटवले. प्रत्येक रंगाचे दोन-दोन. खर्च खळीपुरता. या डब्याला मुले ‘चिंध्यांचा डबा’ म्हणतात.

यात एक मेख आहे. सगळे पुठ्ठे एका मापाचे, एका आकाराचेच हवेत. लाल मोटार आणि निळा चेंडू पुढे ठेवून ‘लाल, निळा’ शिकवले, तर मुलाने ‘लाल’ म्हणजे काय समजावे? मोटार? चाके? मोठी वस्तू? सगळे सारखे आणि रंग तेवढा वेगळा असला, म्हणजे आपण कशाबद्दल बोलतो आहोत ते त्याला कळते. सुरुवात लाल, निळा, पिवळा अशा एकमेकांपासून दूरच्या रंगांनी करावी. केशरी-लाल, निळा-जांभळा असे शेजारी-शेजारी रंग पुष्कळ नंतर आणावेत.

बोलण्याच्या ढंगानेही फरक पडतो. मायकेल रॅमस्कर या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०१० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. इंग्रजी बोलणाऱ्या लहान मुलांना ‘लाल चेंडू’ असे सांगण्यापेक्षा ‘चेंडू लाल आहे’ असे सांगितले, तर रंगाचे नाव लवकर उमगते, असे त्यांना आढळले. आधी वस्तू कळली, की मग कान रंगाच्या शब्दाकडे लागतो. मराठीत हे फार सोपे आहे. “बादली कशी आहे? बादली निळी आहे.” आपण सहज असेच बोलतो.

पण मराठीत एक अडचणही आहे, जी आम्हाला वर्गात मुलांनीच दाखवली. टॉवेल निळा, बादली निळी, आकाश निळे. फ्रॉक हिरवा, मिरची हिरवी, पान हिरवे. आणि लाल मात्र सगळीकडे लालच! तीन वर्षांच्या पोराने ‘निळा, निळी, निळे’ हे तीन रंग समजावेत यात नवल काय? म्हणून सुरुवातीला आठ-पंधरा दिवस एकच रूप कानावर पडेल अशा वस्तू घ्याव्यात. टॉवेल, शर्ट, कंगवा, डबा. सगळे ‘निळा’. नंतर आपोआप बाकीची रूपे येतात, ती शिकवावी लागत नाहीत.

तसेच बाप ‘रेड’ म्हणतो, आई ‘लाल’ म्हणते, आजी ‘तांबडा’ म्हणते. घराने बसून एक नाव ठरवावे आणि काही दिवस तेच चालवावे. आमचे मत आहे की ते नाव घरच्या बोलीतले असावे. रंग एकदा मनात बसला, की ‘रेड’ हे त्याचे दुसरे नाव तेवढे राहते आणि ते चार दिवसांत येते. रंगच बसला नसेल, तर दोन्ही भाषांतली नावे हवेत तरंगत राहतात.

आजीची तिजोरी

ज्या घरात आजी आहे त्या घरात तर रंगांची तिजोरी आहे. आपल्या आज्यांना किती रंग ठाऊक! पोपटी, शेवाळी, मोरपंखी, चिंतामणी, अबोली, आमसुली, अंजिरी, डाळिंबी, बदामी, राखाडी, पारवा, वांगी. बहुतेक नावे वस्तूंवरूनच पडली आहेत. मूल जेव्हा म्हणते, “हा भेंडीचा रंग आहे”, तेव्हा ते चुकत नसते. आजीने जे केले तेच ते करत असते. आमच्या त्या रिळवाल्या मुलीने वर्गात पहिला शब्द उच्चारला तो ‘राणी’. आम्ही टाळ्या वाजवल्या. ‘गुलाबी’ म्हण, असे कोणी म्हटले नाही.

आजीच्या ट्रंकेतली जुनी लुगडी, साड्या बाहेर काढाव्या आणि मुलाला शेजारी बसवावे. “माझ्या लग्नातली साडी कोणती असेल?” यासारखा खेळ नाही. त्याला रंगही कळतात आणि आजीच्या आयुष्याची गोष्टही.

पंचशील ध्वज तर आपल्या घरांत, विहारात असतोच. निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी अशा पाच उभ्या पट्ट्या आणि सहाव्या पट्टीत तेच पाच रंग वरून खाली. कोलंबोत १८८५ साली हा ध्वज प्रथम फडकला. मुलांना रंगीत कागदाच्या पट्ट्या द्याव्यात आणि ध्वजाकडे पाहून क्रम लावायला सांगावे. पाच पट्ट्या चार वर्षांची मुले लावतात. सहावीपाशी येऊन थबकतात, डोके खाजवतात, पुन्हा ध्वजापाशी जाऊन बघतात. ते बघणेच आम्हाला हवे असते.

कामाच्या धबडग्यात वेगळा वेळ कोठून काढायचा, असे माता-भगिनी विचारतात. वेगळा वेळ नकोच. कपडे वाळत घालताना चिमट्यांची टोपली मुलाच्या हाती द्यावी. निळ्या कपड्याला निळा चिमटा, लालला लाल. भाजी निवडताना हिरव्या मिरच्या एकीकडे, लाल झालेल्या दुसरीकडे करायला सांगायचा मोह होतो, पण ते करू नका. हात डोळ्याला गेला की झाले! टोमॅटो, वांगी, लिंबे घ्या. धुतलेले मोजे जोडीने लावणे हा तर आमच्या घरात अजून चालणारा खेळ आहे.

जादूचे दोन प्रयोग सांगतो. पांढऱ्या फडक्याला हळदीचे पाणी लावून वाळवावे. त्यावर ओल्या कपड्याच्या साबणाची वडी फिरवली, की पिवळ्याचा लाल होतो! त्या लालावर लिंबू पिळले, की पुन्हा पिवळा. आयांनी हे डाग धुताना शंभरदा पाहिलेले असते, पण मुलांना ते दाखवावे असे सुचत नाही. साबण आणि लिंबू मोठ्यांनीच हाताळावे. दुसरा प्रयोग गोकर्णीच्या निळ्या फुलांचा. पाच-सात फुले गरम पाण्यात टाकली, की पाणी निळे होते. थंड झाल्यावर त्यात लिंबाचे थेंब टाकत गेले, की जांभळे होते, मग गुलाबी. आणि पिवळ्या जिलेटिन कागदावर निळा जिलेटिन कागद ठेवून खिडकीतून बघितले, की जग हिरवे दिसते. हा कागद स्टेशनरीच्या दुकानात मिळतो.

मोबाइलवरच्या रंगांच्या गाण्यांबद्दल फार बोलत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले की दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी एक तासापेक्षा जास्त पडदा दाखवू नये, कमी तेवढा बरा. त्याहून लहानांना तर मुळीच नको. आणि पडद्यावरच्या चेंडूला हात लावता येत नाही.

जे मूल वारंवार चुकते

आमच्या भाच्याची गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. लहानपणी तो झाडाचे खोड हिरवे आणि पाने तपकिरी रंगवायचा. आम्ही सगळे हसायचो. बाई वहीवर लाल रेघ मारायच्या. ‘लक्ष नाही तुझे’ म्हणून त्याने मारही खाल्ला. पुढे मुलगा हुशार निघाला, आगगाडी चालवायची असे स्वप्न धरून परीक्षा दिली, लेखी पास झाला. वैद्यकीय तपासणीत ठिपक्यांची चित्रे पुढे ठेवली आणि तेव्हा, वयाच्या बाविसाव्या वर्षी, कळले की त्याला लाल आणि हिरवा यांतला फरक नीट दिसतच नाही. रेल्वेचे इंजिन चालवायला रंगदृष्टी निर्दोष लागते, आणि ते बरोबरच आहे. सिग्नलचा प्रश्न आहे. पण लहानपणी कळले असते, तर पोराने तीन वर्षे दुसऱ्या वाटेवर घातली असती. आणि तो मार वाचला असता.

हा दोष मुलींपेक्षा मुलांत पुष्कळ जास्त असतो, कारण त्याचा संबंध एक्स गुणसूत्राशी आहे. मुलाला एकच एक्स मिळते, ते आईकडून. आईला स्वतःला काही त्रास नसतो आणि यात तिचा काडीइतका अपराध नाही, हे घरातल्या मोठ्यांनी लक्षात घ्यावे. ठिपक्यांच्या त्या चित्रांना इशिहारा चाचणी म्हणतात. जपानचे डॉ. शिनोबू इशिहारा यांनी ती १९१७ साली प्रसिद्ध केली. अंक न येणाऱ्या मुलांसाठी बोटाने गिरवायच्या वाटांची चित्रेही तिच्यात असतात. सरकारी रुग्णालयाच्या नेत्र विभागात विचारावे.

नाव चुकणे वेगळे आणि जोडी चुकणे वेगळे. चार-पाच वर्षांचे मूल चिंध्यांच्या डब्यातल्या जोड्याच वारंवार चुकीच्या लावत असेल, लाल-हिरवा-तपकिरी यांतच घोटाळा करत असेल, तर त्याला शिकवत बसू नका, डोळ्याच्या डॉक्टरांकडे न्या. हा दोष औषधाने जात नाही. पण एकदा कळला, की शाळेत बाईंना सांगता येते, मूल स्वतःला मूर्ख समजत नाही.

भाकरी, गुण्या आणि जुनी नाणी

आता आकार. इथेही तक्ता नको, भाकरी घ्या. भाकरी गोल. घडीची पोळी करताना आईने पोळी लाटली, तेल लावून दुमडली, की अर्धा गोल. पुन्हा दुमडली की तिकोनी. खरे पाहता तिची एक बाजू वाकडी असते, तेव्हा तो पक्का त्रिकोण नव्हे, आणि एका मुलाने आम्हाला ते बोट फिरवून दाखवलेही! करंजी, सामोसा, चिक्की, शंकरपाळे अशी सगळी शाळा ताटात असते.

पण ‘गोल’ या शब्दाने आम्हाला सुरुवातीला फसवले. भाकरी गोल, चेंडूही गोल, बांगडीही गोल आणि डबाही गोल. मुलाला विचारावे, “घरंगळतो का? थप्पी लागते का?” चेंडू सगळीकडे घरंगळतो, थप्पी लागत नाही. डबा आडवा केला तर घरंगळतो, उभा केला तर थप्पी लागते. काड्यापेटी काही केल्या घरंगळत नाही. जर्मनीतल्या फ्रोबेल गुरुजींनी, ज्यांनी १८४० साली बालोद्यान हे नाव रूढ केले, मुलांच्या हाती हेच तीन आकार दिले होते: चेंडू, डबा आणि चौकोनी ठोकळा, लाकडाचे.

त्रिकोणाची गंमत वेगळी. आपण तक्त्यावर नेहमी एकच त्रिकोण दाखवतो, खाली पाट, वर टोक. तोच उलटा करून दाखवला, की मूल म्हणते, “हा त्रिकोण नाही, हा पडला.” लांबट बारीक दाखवला, तर म्हणते, “हा काटा.” हॉलंडमधल्या व्हॅन हीले या शिक्षक दांपत्याने १९५७ साली हेच मांडले, की मूल सुरुवातीला आकार बाजू मोजून ओळखत नाही, एकूण रूपावरून ओळखते. म्हणून त्रिकोण नाना तऱ्हांचे दाखवावेत. उभे, आडवे, उलटे, रोडके.

आम्ही खराट्याचे हीर बोटभर लांबीचे तोडतो आणि कणकेच्या गोळ्यांनी जोडतो. तीन हिरांचे काहीही करा, त्रिकोणच होतो. चार हिरांचा चौकोन मात्र बोटाने ढकलला की कलतो! त्यात एक तिरका हीर घातला, की घट्ट. अरविंद गुप्ता हे आय.आय.टी.त शिकलेले गृहस्थ. त्यांनी काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांपासून हाच खेळ देशभरच्या मुलांना शिकवला. ‘कचऱ्यातून खेळणी’ हे त्यांचे आयुष्याचे काम. पुण्याच्या आयुकात त्यांनी मुलांसाठी कित्येक वर्षे ते केले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आमच्या वर्गातल्या एका मुलाचे वडील गवंडी आहेत. त्यांना आम्ही मुद्दाम बोलावले. आधी यायलाच तयार नव्हते. “मी काय शिकवणार, साहेब? मी चौथी नापास.” शेवटी पिशवी घेऊन आले. ओळंबा काढला, गुण्या काढला. विहाराच्या भिंतीच्या कोपऱ्यात गुण्या लावून दाखवला, “हा कोपरा बरोबर आहे का, बघा!” मग सगळी पोरे गुण्या घेऊन खिडकीचा कोपरा, दाराचा कोपरा, पुस्तकाचा कोपरा, आमच्या चष्म्याच्या डबीचा कोपरा तपासत फिरली. कपाटाचा एक कोपरा बरोबर नाही, हे त्या दिवशी चार वर्षांच्या पोराने शोधून काढले. त्या मुलाची मान काय ताठ झाली होती! आपल्या वस्तीत सुतार आहेत, सेंट्रिंगवाले आहेत, शिंपीकाम करणाऱ्या भगिनी आहेत. आकारांचे मास्तर शोधायला लांब जावे लागत नाही.

जुन्या नाण्यांचा डबाही असाच उपयोगी. पाच पैसे चौकोनी, दहा पैशांची कड नागमोडी, वीस पैसे सहा कोनांचे, दोन रुपयांचे जुने नाणे अकरा बाजूंचे. पंचवीस पैसे व त्याखालची नाणी ३० जून २०११ नंतर चलनातून गेली, पण आज्यांच्या बटव्यात अजून आहेत. कागदाखाली नाणे ठेवून वरून पेन्सिल घासली, की आकार उमटतो. आताचे वीस रुपयांचे नाणे बारा बाजूंचे आहे. चार वर्षांच्या मुलाला बाजू मोजता येतीलच असे नाही. बोट फिरवू द्यावे.

पालघर जिल्ह्यातल्या वारली बांधवांची चित्रे पाहा. गोल, त्रिकोण, चौकोन यांवरच सगळे जग उभे आहे. दोन त्रिकोण टोकाला टोक लावले की माणसाचे धड, वर गोल डोके, काड्यांचे हातपाय. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना याच कलेसाठी २०११ साली पद्मश्री मिळाली. मुलांना त्रिकोण कापून द्यावेत, घरातली माणसे करू द्यावीत. एका मुलीने मोठे त्रिकोण आजीसाठी ठेवले आणि बापासाठी सर्वांत लहान. कारण विचारले नाही.

त्याच भागात, डहाणू तालुक्यातल्या कोसबाडला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालशिक्षणाचे काम केले. आधी १९४५ पासून बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला. शंख, शिंपले, बिया, पाने, खडे हेच त्यांचे साहित्य. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसले, तेव्हा त्यांनी बालवाडी मुलांच्या अंगणात नेली आणि अंगणवाडी हा शब्द रुजला. पुढे २ ऑक्टोबर १९७५ पासून सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तिच्या केंद्रांनाही हेच नाव आहे. आपल्या वस्तीतल्या अंगणवाडीत मूल फक्त खाऊपुरते पाठवू नका. ताईंना भेटा, चिंध्यांचा एक डबा तिथेही करून द्या.

आकार काढून दाखव, असे मात्र लवकर म्हणू नये. साधारणपणे पाहून गोल काढणे तीन वर्षांच्या सुमारास जमते, चौकोन चारच्या पुढे, त्रिकोण पाचच्या आसपास. ओळखता आले म्हणजे काढता आले, असे नव्हे. हात मागून येतो.

ती रिळवाली मुलगी आता महापालिकेच्या शाळेच्या बालवर्गात जाते. तिची आई परवा तक्रार घेऊन आली होती. “भाऊ, आता बोलायची थांबत नाही. गिऱ्हाइकाला सांगते, तुमच्या साडीला ब्लाउज मॅच नाही!”

शेवटी सावधगिरीचे सांगून थांबतो. बटणे, मणी, चिंचोके, नाणी, हरभरे, चवळी अशा बारीक वस्तू तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती देऊ नयेत. मोठ्या मुलांनाही आपण समोर बसलेले असतानाच द्याव्यात. मुले त्या गिळतात, नाकात घालतात, कानात घालतात. नाकात गेलेले कडधान्य फुगते. ते घरी पिनेने, चिमट्याने काढायला जाऊ नका, दवाखाना गाठा. गिळलेली वस्तू घशात अडकून मूल गुदमरत असेल, तर क्षणही घालवू नका. रंगीत चुना, गुलाल, ऑइलपेंट यांपासून मुलांना लांब ठेवा. चुना डोळ्यात गेल्यास डोळा जाऊ शकतो. खेळ झाला, की वस्तू मोजून डब्यात भराव्यात आणि डबा फळीवर, मुलाचा हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवावा.